संकेतस्थळाचे साधन आणि मराठी शब्दाची कल्पना

१

ग्रंथ लिहून पूर्ण झाला म्हणजे तो कोणत्या छापखान्याकडे द्यावा, याचा विचार पूर्वी प्रत्येक मराठी लेखकास करावा लागे. छापखान्यातील खिळे नवे आहेत की झिजलेले, जोडाक्षरे सलग उठतात की तुटक, मुद्रिते तपासणारा मनुष्य ऱ्हस्वदीर्घाबाबत दक्ष आहे की नाही, या गोष्टींची चौकशी केल्याखेरीज जाणता लेखक आपले हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती देत नसे. आज तोच लेखक आपला ग्रंथ संकेतस्थळाच्या रूपाने प्रसिद्ध करू इच्छितो, आणि ग्रंथाच्या जोडीला ब्लॉग या नावाने ओळखली जाणारी तारीखवार टिपणवहीही चालवू इच्छितो. छापखान्याची जागा आता संगणकीय साधनाने घेतली आहे. परंतु निवड करताना पूर्वी जी चिकित्सा होत असे, ती मात्र क्वचितच होताना दिसते.

या कामासाठी उपलब्ध असलेली साधने स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. वर्डप्रेससारखे (२००३) साधन संहिता एका माहितीकोशात साठविते व वाचकाने मागणी केली म्हणजे पृष्ठ जुळवून देते. दुसऱ्या प्रकारची साधने साध्या मजकुराच्या धारिका घेतात आणि सर्व पृष्ठे आधीच तयार करून ठेवतात. जेकिल, ह्यूगो, स्फिंक्स, एमडीबुक आणि पँडॉकवर उभारलेले क्वार्टो ही त्यांपैकी प्रमुख होत. या दुसऱ्या प्रकारात लेखकाची संहिता त्याच्याच हाती, कोणत्याही संपादकयंत्रात उघडता येईल अशा रूपात राहते. म्हणून ग्रंथकाराच्या दृष्टीने तोच प्रकार अधिक विचारार्ह ठरतो, आणि प्रस्तुत परीक्षणही त्याच्यापुरतेच मर्यादित आहे.

या साधनांची तुलना करताना गती, सुलभता आणि दर्शनी रूप हे तीन निकष बहुधा पुढे केले जातात. ते निरर्थक नाहीत. परंतु ते कोणत्याही भाषेस सारखेच लागू पडतात, आणि म्हणूनच मराठी संहितेविषयी ते काहीच सांगत नाहीत. प्रत्येक साधनाच्या पोटात दोन गोष्टींविषयीचा एक अनुच्चारित सिद्धान्त असतो : ग्रंथ म्हणजे काय, आणि शब्द म्हणजे काय. साधनाच्या कर्त्याने तो कोठे लिहून ठेवलेला नसतो. त्याच्या मातृभाषेच्या किंवा व्यवसायाच्या सवयीतून तो आपोआप उतरलेला असतो. हा सिद्धान्त मराठीच्या रचनेशी कितपत जुळतो, हे पाहणे हीच निवडीची खरी कसोटी होय.

२

प्रथम ग्रंथाची कल्पना घेऊ. जेकिल हे साधन टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ते स्वतःचे वर्णन ब्लॉगची जाण असलेले साधन असे करते, आणि ते यथार्थ आहे. जेकिलमध्ये टिपणाच्या धारिकेच्या नावातच वर्ष, महिना व दिवस घालावा लागतो. म्हणजे लेखनाची ओळख मुळातच तिथीने ठरते. याउलट एमडीबुक या साधनात ग्रंथाची अनुक्रमणिका एका स्वतंत्र धारिकेत लिहावयाची असते. जे प्रकरण तीत नोंदलेले नाही ते ग्रंथात येतच नाही, आणि तिथीला तेथे स्थान नाही. एक साधन काळक्रम मानते, दुसरे विषयक्रम.

हा भेद मराठी अभ्यासकास नवा नाही. म्हाइंभटाने लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या लीळा त्यांच्या जीवितक्रमाने एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा लाविल्या. केसोबासाने त्याच सामग्रीतील वचने निवडून सूत्रपाठात ती विषयवार प्रकरणांत गुंफिली. लीळाचरित्रात वचन कोणत्या प्रसंगी आले हे कळते, तर सूत्रपाठात ते कोणत्या सिद्धान्ताचे अंग आहे हे कळते. महानुभाव परंपरेस दोहोंची गरज भासली, आणि तिने एकास दुसऱ्यात विलीन न करता दोन्ही ग्रंथ जपले. टिपणवही आणि ग्रंथ यांचा संबंध नेमका असाच आहे. टिपणवहीतील नोंद तिथीवाचून अर्धवट राहते, कारण लेखकाचे मत त्या दिवशी काय होते हे तीच सांगते. ग्रंथातील प्रकरणावर मात्र तिथीचे ओझे लादण्याचे कारण नाही.

दोन्ही क्रम एकाच साधनात नांदावेत अशी अपेक्षा असेल, तर ह्यूगोची (२०१३) रचना लक्षणीय वाटते. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी आरंभिलेल्या या साधनात पृष्ठांचा क्रम ठरविताना प्रथम लेखकाने दिलेला भारांक पाहिला जातो. तो नसेल तर तिथी पाहिली जाते, आणि तीही नसेल तर शीर्षक. अर्थात भारांक दिलेली पृष्ठे ग्रंथ होतात व न दिलेली टिपणवही होते. एकाच नियमात दोन्ही क्रम सामावण्याची ही युक्ती साधी असून उपयुक्त आहे. क्वार्टो (२०२२) याहून वेगळी वाट धरते. तेथे प्रकल्प ग्रंथाचा आहे की संकेतस्थळाचा, हे आरंभीच जाहीर करावे लागते, आणि टिपणवही ही संकेतस्थळाची एक जात मानली जाते. ग्रंथ व वही यांसाठी दोन प्रकल्प करावे लागणे प्रथमदर्शनी गैरसोयीचे वाटते. परंतु त्यात वर सांगितलेला भेद प्रामाणिकपणे मानलेला आहे, हेही नाकारता येणार नाही.

ग्रंथाच्या कल्पनेपुरते पाहता ही सर्व साधने मराठीस सारखीच अनुकूल आहेत. क्रमाचा प्रश्न भाषानिरपेक्ष आहे. अडचण उद्भवते ती शब्दाच्या कल्पनेपाशी.

३

या साधनांत संहिता लिहिण्यासाठी जी चिन्हपद्धती वापरली जाते, ती बहुशः मार्कडाउन ही होय. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि २०१४ मध्ये कॉमनमार्क या नावाने तिचे काटेकोर नियम बांधण्यास प्रारंभ झाला. शब्दावर भर द्यावयाचा असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंस तारांकन किंवा अधोरेघ घालावी, असा तिचा संकेत आहे. इंग्रजीत हे पुरेसे होते, कारण इंग्रजी शब्दाच्या दोन्ही बाजूंस बहुधा मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असते. षष्ठीचा प्रत्यय लागला तरी मध्ये लोपचिन्ह येते, आणि तेही विरामचिन्हच होय.

मराठीची गोष्ट वेगळी आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामास जोडून लिहिली जातात. व्याकरणविषयक ग्रंथात तर उद्धृत शब्दास प्रत्यय लावण्याचा प्रसंग पानोपानी येतो : ‘घर’ला, ‘नदी’चे, ‘करणे’पासून. आता ‘घर’ हा शब्द अधोरेघांमध्ये ठेवून त्यास लगेच ‘ला’ जोडला, तर कॉमनमार्कच्या नियमानुसार दुसरी अधोरेघ भर संपविणारी मानली जात नाही. तिच्या दोन्ही बाजूंस अक्षरे आहेत, म्हणून ती शब्दाच्या आतील रेघ ठरते, आणि वाचकास मुद्रित पृष्ठावर त्या रेघा जशाच्या तशा दिसतात. अधोरेघेऐवजी तारांकन वापरले तर काम होते. परंतु अवतरणचिन्हांसह ‘घर’ हा शब्द तारांकनांमध्ये ठेवून त्यास ‘ला’ जोडला, की पुन्हा तोच प्रकार घडतो. आता मिटणाऱ्या तारांकनाच्या डावीकडे विरामचिन्ह व उजवीकडे अक्षर असते, आणि अशा ठिकाणी भर संपू शकत नाही असा नियम आहे. तारांकने अवतरणचिन्हांच्या आत घेतली म्हणजे ही अडचण टळते. स्फिंक्स ज्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट पद्धतीवर उभे आहे, तिचा नित्य नियम याहूनही कडक आहे. भर दिलेल्या शब्दानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असलेच पाहिजे, अन्यथा प्रत्ययापूर्वी तिरकी रेघ व मोकळी जागा घालून यंत्राची समजूत घालावी लागते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट आहे. देवनागरीची सोय असलेले साधन मराठीसही चालेल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु लिपी एक असली तरी शब्दाच्या सीमा एक नसतात. हिंदीत ‘घर को’, ‘घर में’, ‘घर से’ असे नाम व परसर्ग सुटे लिहिले जातात. म्हणून वरील अडचण हिंदी नामांच्या बाबतीत सहसा येतच नाही. मराठीत ‘घराला’, ‘घरात’, ‘घरातून’ ही एकेक अखंड पदे आहेत. तेव्हा एखादे साधन हिंदीवर तपासून पाहिले आहे, या आश्वासनाने मराठी लेखकाचे समाधान होता कामा नये.

४

दुसरा प्रश्न निर्देशाचा. छापील ग्रंथाचा निर्देश पृष्ठांकाने होतो. संकेतस्थळावर पृष्ठांक नसतो, म्हणून प्रत्येक शीर्षकास एक खूण देण्यात येते व त्या खुणेचा पत्ता दुसरा अभ्यासक आपल्या लेखात देतो. ही खूण लेखकाने दिली नाही, तर साधन शीर्षकातील अक्षरांवरून ती स्वतः तयार करते. शीर्षक मराठीत असेल तर काय घडते, हे पाहण्यासारखे आहे.

जेकिलबरोबर वापरल्या जाणाऱ्या क्रॅमडाउनच्या मूळ पद्धतीत रोमन अक्षरे, अंक, मोकळी जागा व संयोगरेषा यांखेरीज सर्व काही गाळले जाते. संपूर्ण मराठी शीर्षकातून काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून त्यास ‘सेक्शन’ असे नाव मिळते. पुढील शीर्षकास तेच नाव व पुढे एक, त्यापुढील शीर्षकास दोन, असा क्रम लागतो. जेकिलमध्ये आज जी गिटहब पद्धत नित्य लागू असते, तीत देवनागरी अक्षरे टिकतात, हे नमूद केले पाहिजे. स्फिंक्सच्या मुळाशी असलेले डॉक्युटिल्स हे रोमनेतर अक्षरे गाळून ‘आयडी १’, ‘आयडी २’ अशा खुणा देते.

या क्रमांकित खुणांतील दोष केवळ सौंदर्याचा नाही. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत मध्येच एक नवे शीर्षक घातले, तर त्यापुढील सर्व क्रमांक सरकतात. पूर्वी ‘आयडी ७’ या पत्त्यावर सामान्यरूपाची चर्चा होती, तेथे आता लिंगविचार येतो. ज्या अभ्यासकाने पहिल्या आवृत्तीचा निर्देश केला होता, त्याच्या वाचकास पृष्ठ सापडते, परंतु चुकीचे सापडते. निर्देश तुटला तर चूक निदान ध्यानात येते. निर्देश सरकला तर ती ध्यानात येत नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक घातक होय.

अक्षरे टिकवून धरणाऱ्या साधनांतही निराळी अडचण आहेच. देवनागरीतील प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइटांचा असतो. पत्ता एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेताना प्रत्येक बाइटाचे रूपांतर तीन चिन्हांत होते. ‘मराठी’ या पाच वर्णांच्या शब्दाची अशा रीतीने ४५ चिन्हे होतात. असा पत्ता तळटीपेत छापणे शक्य असले तरी तो पाहून कोणी टंकित करील अशी आशा धरता येत नाही. रोमन लिप्यंतर करावे, तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द रोमनमध्ये एकच होऊन बसतात.

यावर उपाय मराठीच्या परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरीचा निर्देश पृष्ठांकाने करण्याची प्रथा कधीच नव्हती. तो अध्याय व ओवी यांच्या अंकांनी केला जातो. निरनिराळ्या पाठांत ओवीसंख्या थोडीफार भिन्न आढळते, म्हणून प्रतीचे नाव देणे अवश्य असते. परंतु एकदा प्रत निश्चित झाली म्हणजे कागदाचा आकार व खिळ्यांचा ठसा काहीही असो, निर्देश अचूक राहतो. संकेतस्थळावरील ग्रंथासही हीच पद्धत लावली पाहिजे. प्रत्येक प्रकरणास व परिच्छेदगटास लेखकाने स्वतः अंक द्यावा, एकदा दिलेला अंक पुन्हा दुसऱ्या मजकुरास देऊ नये, आणि मध्ये भर घालावयाची झाल्यास उपांक योजावा. येथे विचारात घेतलेल्या सर्व साधनांत लेखकाने दिलेली खूण स्वीकारण्याची सोय आहे. ती न वापरणे हा साधनाचा दोष नसून लेखकाचा आळस होय.

५

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न शोधाचा. वाचक संकेतस्थळावरील चौकटीत शब्द घालतो आणि तो ग्रंथात कोठे आला आहे हे पाहू इच्छितो. छापील ग्रंथाच्या शब्दसूचीचे काम येथे यंत्र करते. त्यासाठी यंत्राने आधी सर्व संहितेचे शब्दांत विभाजन केलेले असते.

स्फिंक्स हे पायथन भाषेत लिहिलेले आहे. पायथनच्या प्रमाण शोधग्रंथालयात ‘शब्दातील वर्ण’ असा एक वर्ग आहे, आणि त्यात अक्षरे व अंक येतात. देवनागरीतील काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांची युनिकोडमधील जात मात्र ‘अक्षर’ अशी नसून ‘चिन्ह’ अशी आहे, आणि ती जात या वर्गात धरलेली नाही. युनिकोडच्या स्वतःच्या शिफारशीनुसार ती धरावयास हवी. याचा परिणाम असा होतो की ‘मराठी’ हा शब्द ‘मर’ आणि ‘ठ’ अशा दोन तुकड्यांत विभागला जातो, व काना आणि वेलांटी गळून पडतात. ‘मराठा’ या शब्दाचेही नेमके हेच दोन तुकडे होतात. ‘घोडा’, ‘घोडी’ आणि ‘घोडे’ या तिघांचे ‘घ’ व ‘ड’ एवढेच उरते. लिंग आणि वचन ज्या स्वरांनी व्यक्त होते ते स्वरच यंत्राच्या दृष्टीने शब्दाबाहेरचे ठरतात. स्फिंक्सच्या शोधसूचीची विभागणी याच वर्गावर आधारलेली आहे.

अनेक संकेतस्थळांवर वापरल्या जाणाऱ्या लनर या शोधग्रंथालयाचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. शब्दाच्या दोन्ही टोकांस चिकटलेली विरामचिन्हे काढून टाकण्याचा एक संस्कार त्यात आहे. हा संस्कार जावास्क्रिप्टच्या जुन्या वर्णवर्गाने केला जातो, आणि त्या वर्गास रोमनेतर प्रत्येक वर्ण विरामचिन्हासारखाच वाटतो. त्यामुळे देवनागरी शब्द दोन्ही टोकांकडून सोलला जाऊन पूर्णतः नाहीसा होतो. हिंदी, तमिळ इत्यादी भाषांसाठी स्वतंत्र जोडग्रंथ आहेत. ते जोडल्याशिवाय सूचीत एकही देवनागरी शब्द येत नाही.

समजा, विभाजन निर्दोष झाले. तरीही मराठीचा प्रश्न सुटत नाही. मराठी नाम प्रत्यय घेण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते आणि त्या वेळी त्याचा अंतर्भागही बदलतो. ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, ‘माणूस’चे ‘माणसाने’, ‘पाऊस’चे ‘पावसात’, ‘देऊळ’चे ‘देवळात’, ‘नागपूर’चे ‘नागपुरास’. ‘देऊळ’ शोधणाऱ्या वाचकास ‘देवळात’ सापडावयाचे असेल, तर आरंभीची अक्षरे जुळविणारा शोध निरुपयोगी ठरतो, कारण दोन रूपांत ‘दे’ एवढाच भाग समान आहे. प्रत्यय छाटण्याचे नियम काही भाषांसाठी तयार आहेत. स्नोबॉल या सुप्रसिद्ध संग्रहात हिंदी, नेपाळी व तमिळ यांचा समावेश आहे. परंतु हिंदीचे नियम मराठीस लावणे म्हणजे परसर्ग सुटे लिहिणाऱ्या भाषेचे माप प्रत्यय जोडून लिहिणाऱ्या भाषेस लावणे होय.

यात लेखनसंकेताची आणखी एक गुंतागुंत आहे. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होऊ शकतो. एक प्रकार ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडण्याचा, तर दुसरा साध्या ‘र’नंतर हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. युनिकोडच्या समानीकरणाच्या नियमांत हे दोन प्रकार समान मानलेले नाहीत, म्हणून यंत्रास ते भिन्न शब्द वाटतात. लेखकाने एक प्रकरण एका कळफलकावर व दुसरे दुसऱ्यावर लिहिले असेल, तर त्याच्याच ग्रंथात ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन शब्द होऊन वावरतो.

शब्दसूचीच्या क्रमाविषयीही थोडक्यात सांगितले पाहिजे. मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ येतात. युनिकोडच्या संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांची जोडाक्षरे म्हणूनच नोंदले जातात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लाविलेली सूची मराठी कोशाच्या वाचकास म्हणूनच चुकलेली वाटते. युनिकोड संघाच्या सीएलडीआर या भांडारात मराठीसाठी स्वतंत्र वर्णक्रम दिलेला आहे. साधन तो वापरते की नाही, हे पाहण्याचे काम निवड करणाऱ्याचे आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचक आजकाल संकेतस्थळाच्या चौकटीत शोधतच नाही. तो मोठ्या शोधयंत्राकडे जातो, आणि ते मराठीची रूपे बऱ्यापैकी ओळखते. हे काही अंशी खरे आहे. परंतु ग्रंथाची शब्दसूची म्हणजे केवळ शब्दांची जागा नव्हे. कोणता शब्द महत्त्वाचा, कोणत्या दोन शब्दांचा परस्परसंबंध वाचकाने पाहावा, हा लेखकाचा निर्णय तीत असतो. तो निर्णय परक्या शोधयंत्राच्या स्वाधीन करणे म्हणजे ग्रंथाचे एक अंगच सोडून देणे होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही साधने सतत बदलतात. आज दाखविलेला दोष उद्या दुरुस्त होईल, मग त्यावर निवड का आधारावी? याचे उत्तर मराठीच्या अलीकडील इतिहासात मिळते. युनिकोडची पहिली आवृत्ती व भारतीय मानक आयएस १३१९४ ही दोन्ही १९९१ ची असून दोहोंत देवनागरी आहे. तरीसुद्धा पुढे बराच काळ मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला गेला, की ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. पानावर मराठी दिसत असे, परंतु धारिकेत मराठी नव्हतीच. टंक दुर्मीळ झाला तेव्हा मजकूरही दुर्बोध झाला, आणि आज तो वाचण्यासाठी रूपांतरकाचा आश्रय घ्यावा लागतो. २००९ मध्ये जपानखेरीज अन्यत्र जिओसिटीज ही सेवा बंद झाली, तेव्हा ज्यांची संहिता केवळ तेथेच होती त्यांच्यावर वेगळ्या मार्गाने तीच पाळी आली. दोन्ही उदाहरणांचा बोध एकच आहे. साधने बदलतात व लोपतात, म्हणूनच संहितेचे शुद्ध रूप साधनाबाहेर राहिले पाहिजे. साधनाची आजची समजूत कोठे अपुरी आहे हे ठाऊक असलेला लेखक आपली संहिता तिच्या आधीन करीत नाही.

आता निवडीविषयी निश्चित मत देता येईल. ज्या ग्रंथास तळटीपा, संदर्भनिर्देश, परस्परनिर्देश आणि छापील आवृत्ती यांची आवश्यकता आहे, त्यासाठी पँडॉकच्या कुळातील क्वार्टो हे सध्या सर्वांत योग्य साधन होय. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले पँडॉक एकाच संहितेवरून संकेतस्थळ, ई-पुस्तक व झीटेकच्या द्वारे छापील पृष्ठ अशी तिन्ही रूपे सिद्ध करते. क्वार्टोचा शोध वर्णांच्या सान्निध्यावर चालतो व शब्दांचे तुकडे करीत नाही, म्हणून मात्रा गळण्याचा दोष त्यात उद्भवत नाही. मात्र सामान्यरूपाची जाण त्यासही नाही. टिपणवही त्याच कुळातील दुसऱ्या प्रकल्पात ठेवावी. छापील आवृत्ती नको असेल आणि ग्रंथ व वही एकाच घरात नांदावयाची असतील, तर ह्यूगो पुरेसे आहे. शोधाची व्यवस्था मात्र तेथे लेखकाने स्वतः करावयाची असते. जेकिल टिपणवहीस व एमडीबुक केवळ ग्रंथास अनुरूप आहे. स्फिंक्सची परस्परनिर्देशाची व शब्दसूचीची यंत्रणा गुणवान आहे. परंतु तिचे खुणा देणे, भर देणे व शब्द तोडणे ही तिन्ही कामे मराठीशी विसंगत असल्यामुळे मराठी ग्रंथासाठी तिची शिफारस तूर्त करता येत नाही.

निवड कोणतीही असो, ती करण्यापूर्वी अर्ध्या पानाची एक कसोटीची संहिता तयार करून प्रत्येक साधनातून काढावी. तीत भर दिलेला व प्रत्यय जोडलेला ‘घर’ हा शब्द असावा. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द शेजारी असावेत, आणि दुसरा शब्द दोन्ही प्रकारे टंकित केलेला असावा. ‘देऊळ’ व ‘देवळात’ ही रूपे निरनिराळ्या परिच्छेदांत असावीत. तीन शीर्षके मराठीत असावीत, आणि मागाहून त्यांच्यामध्ये चौथे घालून पूर्वीचे पत्ते तपासावेत. शेवटी ‘लता’, ‘वड’, ‘हळद’, ‘क्षमा’ व ‘ज्ञान’ या शब्दांची सूची मागवावी. या कामास एक दुपार पुरते. तेवढी दुपार न दिल्यामुळे ग्रंथ प्रसिद्ध होऊनही वाचकास सापडू नये, किंवा त्याचा निर्देश दुसऱ्याच मजकुराकडे जावा, असे घडू शकते.